सावंतच्या मागे कोण

नव्वदच्या दशकात सिंगापुरात आम्ही तिघे मराठी दर रविवारी डायव्हिंगला जायचो. मी आणि सावंत बोटीवरचे इंजिनिअर, देशपांडे पुण्याचा कॉम्प्युटरवाला. तिघांनी मिळून एक मासा नीट पाहिला नाही, पण किस्से इतके साचले की कुठला सांगू आणि कुठला नको असं होतं.

*

तिथलं पाणी म्हणजे घट्ट वरण. हात लांब केला की पंजा दिसेनासा व्हायचा. एकदा मी अर्धा तास ज्याच्या मागे पोहलो तो वर आल्यावर भलताच कुणी जर्मन निघाला. तोही गोंधळला होता. इतका वेळ मागे बायको आहे असं समजत होता बिचारा!

*

त्यावर सावंतने इंजिनरूमची शिस्त लावली. मागच्याने अधूनमधून पुढच्याच्या पायातली रबरी फिन दोनदा ओढायची, म्हणजे मी आहे, सगळं ठीक. पुढच्याने वळायचं नाही, वळलं की गाळ उडतो. त्याच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये पालथे पडून आम्ही प्रॅक्टिस केली. त्याची मुलगी शाळेतून आली, आम्हाला ओलांडून आत गेली आणि आईला म्हणाली, "मम्मी, अंकल्स ऑल गॉन क्रेझी, लाह."

*

मग सावंतच्या कानाने दगा दिला. या वर्षानंतर डायव्हिंग बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याला फक्त एकदा पाण्याखाली सी-लायन बघायचा होता. आम्हाला फार वाईट वाटलं. रजा जुळवून तिघे दक्षिण ऑस्ट्रेलियाला गेलो.

*

भाड्याने आणलेला, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर सावंतने हॉटेलच्या पलंगावर सुटा केला. न उघडलेल्या मशिनवर त्याचा भरवसा नसे. परत जोडल्यावर एक वॉशर उरला. दुकानदार बराच वेळ कधी वॉशरकडे, कधी सावंतकडे बघत राहिला. शेवटी त्याने दुसरा रेग्युलेटर दिला आणि सावंतचा पाना ठेवून घेतला.

*

पाणी हाडं गोठवणारं, पण तळाची वाळू बोटीतून दिसत होती. मला सर्दी, म्हणून मी वरच. खाली पुढे गाइड, मग सावंत, मागे देशपांडे. पाच मिनिटांत देशपांडेला मळमळलं. तो बोटीत परतला आणि बादली घेऊन बसला. सावंत शिस्तीत पुढेच बघत होता.

तेवढ्यात एक सी-लायन त्याच्या मागे लागला आणि दातांनी त्याची फिन ओढू लागला. गाइड पुन्हापुन्हा मागे बोट दाखवत होता आणि सावंत प्रत्येक वेळी 'ओके'ची खूण करत होता. मी वरून ओरडत होतो, पण पाण्याखाली काय ऐकू जाणार!

अर्ध्या तासाने सावंत वर आला. डोळे भरलेले.

"एकही दिसला नाही रे."

देशपांडे आपल्या जरा आधी वर आला असेल, असं समजून सावंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण तू आज काय साथ दिलीस! एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही."