खांबाची सोपी वाट

त्याला सगळे खांबच म्हणत, इतका तो ताडमाड. कड्यावर चढायच्या वाटांचं पुस्तक लिहायला घेतलं, तर स्वतः चढून बघितल्याशिवाय एक ओळ लिहील तर शपथ! छापायच्या आधी बायको म्हणाली, "ही 'सोपी' वाट मी चढून बघते." ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. अर्ध्यावर अडकली.

"इथली खाच कुठंय?"

"अगं, नुसता हात वर कर की!"

"कोणाचा? तुझा?"

खाली दोरी धरून उभ्या खांबानं आपल्या लांबलचक हातांकडे बघितलं.

"आधी ते 'सोपी' खोड, मगच उतरते."

"दोरी सोडून खोडू कसं?"

"मग मोठ्यानं म्हण, चुकलो."

अख्ख्या कड्यानं ऐकलं.

आता पुस्तकात प्रत्येक वाटेखाली दोन शेरे आहेत, एक खांबाचा, एक बायकोचा. खांबाचा कोणी वाचत नाही.