शिक्का मारणारा कुठंय?

"आधी उगवण, मंग शिक्का!" टरबूज घेतानाही आबा हेच म्हणायचे आणि ते उलटं करून शिक्का शोधायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी सासऱ्यालाही "शिक्का कुठंय?" विचारलं होतं, असं टेंभुर्णीत शपथेवर सांगणारे लोक आहेत. त्यांतला एक मी.

आबांची हयात जालन्यात, बियाण्याच्या कारखान्यात, पोत्यांना शिशाचं सील लावण्यात गेली. नमुना तपासून बी उगवल्याशिवाय त्यांची पक्कड हलायची नाही. एकदा मालक म्हणाले, "लावून टाका, ट्रक उभाय." आबा पोत्यावर असे ठाण मांडून बसले, की ट्रकच्या चाकांना वाळवी लागली. रिटायर झाले ते पक्कड घेऊनच गावी आले.

तेव्हा मी गावात इंटरनेट कॅफे काढलं होतं. एक पान उघडेस्तोवर गिऱ्हाईक शेताला पाणी देऊन परत यायचं. आबा एक दिवस येऊन बसले.

"काय इंजिनेर, हितं कानाचं यंत्र भेटतं म्हणं?"

आबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. शहरातल्या दवाखान्यातलं यंत्र परवडण्यापलीकडचं.

"इतकी वर्सं हिनं मला ऐकवलं," आबा म्हणाले, "आता माझी पाळी आली, तं हिला ऐकूच येऊन न्हाई राह्यलं. ह्याला काय न्याय म्हणावं?"

एका दुकानाच्या पानावर स्वस्तातलं यंत्र सापडलं. खाली सोनेरी शिक्का, हिरवी बरोबरची खूण आणि शेजारी कुलूप. आबांचा चेहरा उजळला.

"शिक्का हाय! बराबर हाय!"

"आबा, खरा शिक्का दाबला की देणाऱ्याचं पान उघडतं. त्यात ह्या दुकानाचं नाव पाहिजे. हे बघा, दाबतोय. काही उघडतंय का?"

"आन् कुलूप?"

"कुलूप म्हणजे तुम्ही लिहिलेलं वाटेत कुणी वाचणार नाही, एवढंच. दुकानदारच चोर असला, तर चोराकडे कुलूपबंद पोचतं!"

"असं कसं? कुणीतरी उगवण बघितली आसंलच की. उगीच कोण शिक्का मारंल?"

मी डोकं आपटलं. टेबलाला अजून खोक आहे. आबा पत्ता लिहून घेऊन गेले आणि बँकेतून ड्राफ्ट काढून पाठवून मोकळे झाले.

डबा आला. आबांनी यंत्र काकूंच्या कानात घातलं, तशा काकू किंचाळल्या, "अगं बाई, कानात रातकिडा गेला!" आवाज फक्त यंत्राचाच. ते पान उघडायला गेलो, तर दुकान गायब.

आबा दुकानदारावर चिडले नाहीत. त्यांचं एकच टुमणं. "दुकानदार मरू दे. शिक्का मारणाऱ्याला बोलाव. कुठं बसतो त्यो?"

पुन्हा पुन्हा तेच! शेवटी माझा संयम सुटला. तसाच सोनेरी शिक्का मी दुसऱ्या एका पानावरून उचलला आणि त्यांच्यासमोर एका कोऱ्या पानावर चिकटवला. "हा घ्या! आता हे कोरं पानही भरवशाचं झालं. म्हणाल तर तुमच्या कपाळावर छापून देतो!"

आबा पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजी," ते हळूच म्हणाले, "मारणारं कुणीच न्हाई?"

ते उठून गेले. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. तुम्हीही असल्या सोनेरी चकत्या बघत असाल. मला बघितल्या की मॉनिटर विहिरीत टाकावासा वाटतो.

थोड्या दिवसांनी आबांच्या ओट्यावर वेगळंच दिसलं. रॉकेलचं नवंकोरं नरसाळं, निमुळतं टोक काकूंच्या कानाशी, रुंद तोंडात आबांचं तोंड.

"केदारखेड्याच्या पाव्हण्याची म्हैस व्याली!"

"म्हैस व्याली," काकू म्हणाल्या.

"रेडकू झालं!"

"रेडकू झालं. वरडता कशापाई?"

आबांनी खिशातून पक्कड काढली आणि नरसाळ्याच्या कडीला शिशाचं सील दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उगवण झाली."

आबा गेले, तेव्हा मी बाहेरगावी होतो. परत आल्यावर भेटायला गेलो. काकू ओट्यावर होत्या, आबांची जागा सोडून एका कडेला. मला बघून त्यांनी नरसाळं उचललं, टोक कानाला लावलं आणि रुंद तोंड माझ्याकडे केलं. शिशाचं सील हलत होतं.

"बोल बाबा," त्या म्हणाल्या. "तपासलेलं हाय."

मी, गावातला सगळ्यात मोठा बोलघेवडा, नरसाळ्यासमोर तोंड उघडून नुसता बसलो. आणि त्या ऐकत राहिल्या.