पुरातून आलेला लेथ

माझ्या सासऱ्यांनी मला लग्नात सोनं घातलं नाही. नंतर भंगार मात्र भरपूर आणून दिलं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं.

अण्णा मूळचे पूर्णगडचे. सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये. रिटायर होऊन रत्नागिरीत घरी बसले, ते नुसते नावाला.

मी आयटीआयची टर्नर. म्हणजे लेथवर लोखंड कातणारी. वर्गात एकटी मुलगी.
सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं होतं. काम कुणी देत नव्हतं.
"ऑफिसात बसून बिलं बनवाल का?" हे तीन वर्कशॉपमध्ये ऐकलं.

एकदा जेवताना अण्णांना सांगितलं. हसत हसतच.

"दुसऱ्याच्या मशीनवर कशाला? आपला मशीन बगूया."
"अण्णा, लेथ म्हणजे मिक्सर नाही."
"ठाव हाय गो. म्हनून तर भंगारात बगायचा."

झालं सुरू. स्कूटरवर पुढे अण्णा, मागे मी, डिकीत दोरी आणि चहाचा थर्मास.
बंद पडलेल्या आंबा कॅनिंगमधून मोटर आली. भातगिरणीतून पुल्या आल्या.
सासूबाई म्हणायच्या, "माज्या बदल्यात एखादा पंखा आनू नका म्हंजे झाला."

लेथ मिळाला चिपळूणला. पुरात बुडालेलं वर्कशॉप, म्हातारे मालक, सगळं भंगारात काढलेलं.
लेथ गाळाने माखला होता. ज्या पट्ट्यांवरून सगळं सरकतं, त्या बेडवरचा गाळ मी पुसला. खाली जुनं ग्रीस होतं, त्यानेच बेड वाचवला होता. नख फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही.

पण चेंज गिअर नव्हते. त्यांच्याशिवाय आटे पाडणार कसे?
"वाहून गेले," मालक म्हणाले.

अण्णांनी घासाघीस केली नाही. भंगारातल्या वस्तूला ते कधी नावं ठेवत नसत, विकणाऱ्याला लागतं म्हणून. चिंधीने लेथ पुसत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.
"शेवटचा काम काय केलात यावर?"

मालक खूप वेळ बोलत राहिले. मग म्हणाले, "चालवणार कोण? तुम्ही?"
"नाय वो. ही. माजी सून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. आत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेले गिअर घेऊन आले. धुतलेले, तेल लावलेले.
"भंगारवाल्याला द्यायला जीव होत नव्हता," एवढंच बोलले.

घरामागच्या शेडमध्ये आणून मी आठवडाभर लेथ साफ केला. मग दोन दिवस माहेरी मालगुंडला गेले.

परत येऊन बघते तर लेथ रंगवलेला!
वरून हिरवा. आणि बेडवर, आटे पाडायच्या लांब लीडस्क्रूवर, अगदी काम पकडणाऱ्या चकाच्या जबड्यांवरसुद्धा तांबडं रेडऑक्साईड. दोन हात.

"खाऱ्या वाऱ्यानं गंजला असता," अण्णा खुशीत म्हणाले. बोटीवर उघडं लोखंड दिसलं की रंग मारायचा, ही आयुष्यभराची सवय.

काहीच हलेना. मी ओरडले. सासऱ्यांवर ओरडले. शेजारी बाहेर आले इतकी ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा लेथपुढे स्टूल टाकून बसले होते. थिनर, चिंध्या आणि बांबूची कामटी. कामटी अशासाठी, की लोखंडावर ओरखडा उठू नये.
चार दिवस. लीडस्क्रूचा एकेक आटा. फक्त जेवायला उठायचे.

शेवटी मीच शेजारी जाऊन बसले. "अण्णा, चुकलं माझं."
"तुजा नाय चुकला. मशीन तुजा. मी इचारायला हवा होता."

असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडले.

लेथ फिरला, कामं आली. पण येणारा माणूस विचारायचा, "अण्णा कुठायत?" मी समोर काम करत असले तरी.
"मी भंगार आनतंय. टर्नर ती," अण्णा सांगायचे. लोकांना थट्टा वाटायची. अण्णा कधी हसले नाहीत.

ते गेल्यावर महिनाभर शेडकडे कुणी फिरकलं नाही. माझं काम त्यांच्याच नावावर चालत होतं, ते संपलं, असं मी धरून चालले. नवरा नोकरीला मुंबईत, तो फोनवर म्हणाला, "थांब थोडी."
मग नाइलाजाने एक ट्रॉलरवाला आला. त्याचं काम बघून दुसरा आला.

आज अण्णांचं वर्षश्राद्ध. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात. वडे तळायला घेतले आणि दारातून हाक आली.
कुणी अनोळखी नाखवा. खांद्यावर बोटीचा शाफ्ट.

"टर्नर हायत काय?"

अण्णांचं नाव नाही. काही नाही.

माझ्या आधी सासूबाई बोलल्या, "हाय. बसा जरा."
आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. "जा तू. वडे मी तळतंय."

अण्णा, शाफ्ट चकात लावलाय. तुमचं पान वाढायला आज थोडा उशीर होईल.
नमस्कार करते.