साहेबांसाठी टाकलेल्या फळ्या

मला त्या साहेबांना चिखल दाखवायचा होता. बस. हारतुरे नकोत, भाषणं नकोत, जेवण तर मुळीच नको. ओहोटीच्या वेळेला आमची होडी जिथे थांबते तिथून काठापर्यंत जो गुडघाभर चिखल आहे, त्यातून त्यांनी एकदा, एकदाच, पँट वर करून चालत यावं एवढीच माझी इच्छा होती. आणि नेमकी तेवढी एक गोष्ट सोडून त्या दिवशी बाकी सगळं झालं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. राहते चारकोपला आणि शाळा खाडीच्या पलीकडे, उत्तरेला, अगदी टोकाला. पलीकडच्या मोठ्या गावांना पक्के धक्के आहेत. आमच्या वाडीला नाही. मधे सगळी खाजणाची दलदल आणि तिवरं, त्यामुळे शेजारच्या धक्क्यावर उतरून चालत यायचीही सोय नाही. रस्त्याने यायचं तर भाईंदरवरून वळसा, आणि तो घालेपर्यंत माझे दोन तास बुडालेले असतात. लोकांना सांगितलं की मी मुंबईतच नोकरी करते आणि रोज पायाला चिखल लागतो, तर हसतात. माझी आई तर दर आठवड्याला एकदा विचारतेच, "गे, तुका थंय काय मेडल देतले?" मेडल कसलं, साधी बदली मागितली असती तर मिळाली असती. पण मी मागितली नाही, आणि का नाही हे आईला समजावून सांगायचा मला कंटाळा येतो.

वाडीतले लोक ख्रिस्ती, पण बोलणं पक्कं मराठी. पुरुष मासेमारीला जातात, बायका बोरिवलीच्या बाजारात मासे विकतात. लग्नसराईत गावातल्याच पुरुषांचा बँड वाजतो. माणसं लाखमोलाची, यात वादच नाही, आणि तोच सगळा घोटाळा आहे. पहिल्या दिवशी मी होडीतून उतरायला लागले तर बँडमधले एक आजोबा दोन फळ्या घेऊन चिखलात उभे. मी एका फळीवर पाय ठेवायचा, त्यांनी मागची उचलून पुढे टाकायची, मग मी त्या पुढच्या फळीवर. असं करत करत मला काठावर आणलं. मी म्हटलं, आजोबा, रोज नका हो येऊ. ते म्हणाले, "बाई आमच्या गावात पाहुणी. पाहुणीच्या पायाला चिखल लागू देऊ काय?" इतकी वर्षं झाली, ओहोटी असली की फळ्या हजर. मी अजून पाहुणीच आहे.

शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर बोरिवलीच्या बाजूला, सकाळी सातची शाळा, म्हणजे पहिली होडी, अंधार जेमतेम सरलेला. त्या होडीसाठी फळ्या घेऊन कोणी उभं राहत नाही. पोरं आपली उतरतात चिखलात. मुलगे निभावतात. पँट गुडघ्यापर्यंत केली, पलीकडे नळावर पाय धुतले, की झालं. मुलींचं मात्र आठवीत अडतं. दरवर्षी.

त्या वर्षी माझ्या सातवीत एक मुलगी होती. हुशार म्हणजे कशी, मी फळ्यावर गणित लिहिलं की उत्तर आधी सांगायची आणि मग मलाच विचारायची, "बाई, अजून एक सोपी पद्धत आहे, दाखवू?" आगाऊ कार्टी. मला फार आवडायची. तिला पुढे शिकायचं होतं आणि ती ते येता-जाता सगळ्यांना ऐकवायची. तिच्या मोठ्या बहिणीने आठवीच्या दिवाळीआधीच शाळा सोडली होती.

मी तिच्या आईला भेटायला गेले. बाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. ती मला तू म्हणते, सगळ्यांनाच म्हणते. म्हणाली, "बाई, शिकवायला मी नाय म्हणत नाय. पण पोर वयात आली. चार बाप्ये होडीत बसून बघतात आणि हिने सलवार मांडीपर्यंत वर करून चिखलात उतरायचं. मग ओल्या कपड्यात दिवसभर बसायचं. त्या दिवसांत काय करायचं, तू सांग. मोठीने सोसलं तितकं सोसलं. एकदा मधे पडली, सगळी बरबटली, तशीच शाळेत गेली तर पोरं नाक धरून बसली. दुसऱ्या दिवसापासून गेली नाय."

म्हणून आठवीचा वर्ग आमच्या शाळेतच मिळवायचा असं मी डोक्यात घेतलं. ऑफिसात खेटे घातले. मुलं कमी आहेत, बसत नाही नियमात, हे ऐकून ऐकून कान किटले. शेवटी एक साहेब भेटले, खरंच भला माणूस. ते म्हणाले, "बाई, मुलं कमी असली तरी एक वाट आहे. जाण्यायेण्याची सोय खरोखरच वाईट असेल, तर खास बाब म्हणून वर्ग देता येतो. मी स्वतः येऊन बघतो." मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. सोय वाईट? साहेब, तुम्ही याच तर!

मी होडीवाल्याला विचारून दिवस असा ठरवला की भर ओहोटी लागेल. हेडसर म्हणाले, "अहो, साहेबांना चिखलात घालणार? वाट लागेल आपली." मी म्हटलं, लागू दे. मग गावात मीटिंग घेतली. शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "साहेब येणार आहेत. तुम्ही काहीही करायचं नाही. आहे तसं दिसू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. हो बाई, काय नाय करत बाई.

आता मी चारकोपची असले तरी मूळ मालवणाकडची. मला कळायला हवं होतं. आपल्याकडे पाहुणा येण्याआधी "काही करू नका हं" म्हणतोच. आणि त्याचा अर्थ काय असतो? की करा, पण मी सांगितलं असं वाटू देऊ नका. माझ्या त्या वाक्याचा अख्ख्या वाडीने तोच अर्थ घेतला.

साहेबांना घेऊन मी होडीतून निघाले. हेडसर मागे घाम पुसत बसलेले. पाणी उतरलेलं होतं, अगदी मला हवं तसं. मी मनातल्या मनात खूश. तिवरांचं वळण संपलं आणि ट्रम्पेट ऐकू आला. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल. बघते तर काठावर सगळा बँड, लाल कोट घालून. आणि होडी थांबते तिथपासून थेट काठापर्यंत फळ्याच फळ्या! होड्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या, मासे वाळवायच्या माचांच्या सोडवलेल्या, वर कुणाच्या घराचे चक्क दरवाजे. त्यावर गोणपाटं अंथरलेली. दोन्ही बाजूंना काठ्या रोवून पताका. आणि शेवटची फळी बरोबर बसली की नाही ते पायाने दाबून बघत, पोटरीपर्यंत चिखलात, माझी ती आगाऊ कार्टी उभी. तोंडभर हसत होती. मी बघावं म्हणून तिने हात हलवला.

साहेब तरंगत गेल्यासारखे काठावर पोचले. बुटाला ठिपका नाही. "वा वा," म्हणाले, "किती छान केलंय!"

मी मागून ओरडत होते, साहेब, हे रोज नसतं, आज तुमच्यासाठी केलंय, खाली बघा, खाली चिखल आहे. पण बँडपुढे माझा आवाज कुठला पोचतोय? पोचला तेव्हा ते आजोबा मधे पडले. "नाय साहेब, आमची पोरं कामाला वाघ हायत. पाहिजे तेवा रस्ता करतो." मला वाटलं त्यांचं तोंड दाबावं. देवाशप्पथ वाटलं.

शाळा रातोरात रंगवलेली. चर्चमधले बाक आणून मांडलेले. मैद्याचे फुगे तळलेले, कोळंबी, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं, ते मी शिकवलेलंच नव्हतं. साहेब जेवले, दुसऱ्यांदा बोंबील घेतले, बँडवाल्यांबरोबर फोटो काढला. मी शेवटचा प्रयत्न केला. मुलीच्या आईला हाताला धरून पुढे आणलं. म्हटलं, "तू सांग साहेबांना. मला सांगितलंस ते सगळं सांग."

तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमी आलात, बरं वाटलं. तरास काय नाय आमाला, साहेब. देवाची कृपा हाय."

साहेबांचे डोळे खरंच पाणावले. जाताना मला म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच घाबरता. असं पाठीशी उभं राहणारं गाव मी बघितलं नाही. इथल्या मुलांना कोण अडवणार?"

होडी वळणाआड गेली आणि मी फुटले. ओट्यावर उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. काय केलंत हे? मी काय सांगितलं होतं? चिखल दाखवायचा होता, तुम्ही लग्न लावून दिलंत! आजोबा ट्रम्पेट पुसत राहिले, मग हळूच म्हणाले, "बाई, पाहुण्याला चिखलातनं आणायचं? आमाला लाज नाय वाटणार?" आणि मुलीची आई, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती म्हणाली, "ताटावर बसलेल्या माणसापुढे रडायचं काय? बरं दिसतं ते?" मी हात टेकले. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळेना बाई एवढ्या का चिडल्या. "बाई, साहेब खूश होऊन गेले ना? मग देतील ना वर्ग?" आमच्या घराचा दरवाजाही मीच आणला, असं तिने वर सांगितलं.

वर्ग मिळाला नाही. हेडसरांना फोन आला. गाव सक्षम आहे, सोय चांगली आहे, खास बाब म्हणता येत नाही. मी साहेबांना जाऊन भेटले, मोबाइलवर काढलेला चिखलाचा व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "बाई, मी डोळ्यांनी बघून आलोय." आता यावर काय करायचं? माणूस खोटं बोलत असता तर भांडले असते.

जूनमध्ये ती मुलगी बोरिवलीच्या बाजूच्या शाळेत जायला लागली. मी गावात गेले, आजोबांना म्हटलं, "साहेबांना एवढ्या फळ्या टाकल्यात. या एका पोरीला सकाळी दोन टाका. माझ्या राहू द्या, तिला टाका." आजोबांना माझं बोलणं खरोखर विचित्र वाटलं. म्हणाले, "तिला? ती काय पाहुणी हाय? ती घरची पोर."

मी तिच्या बापाला सांगितलं. तो पहिल्या होडीच्या वेळेला समुद्रावर असतो. आईला सांगितलं. ती त्याच होडीने डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जाते, तिचे स्वतःचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "माझ्या जन्माला कोणी फळी टाकली, बाई?" ती म्हणाली. रागाने नाही, सरळ विचारलं. मी घरी येऊन आईवर उगाच ओरडले.

पोरीने गणपतीपर्यंत ओढलं. मग एक दिवस आड जायला लागली. मग ओहोटीचे सगळेच दिवस चुकायला लागले. त्या शाळेतल्या बाई उशिरा आली म्हणून तिला वर्गाबाहेर उभं करायच्या. तिने मला हे सांगितलं नाही, दुसऱ्या मुलाकडून कळलं. नाताळनंतर ती गेलीच नाही.

आता आजोबांचे गुडघे दुखतात. ते चिखलात उतरत नाहीत. ओहोटी असली की सकाळी फळ्या घेऊन तीच येते. घरीच असते ना. मी होडीतून म्हणते, अगं, राहू दे, मी येते चालत, ठेव त्या फळ्या. एकदा चपला हातात घेऊन खरंच उतरायला निघाले तर ती केवढ्यांदा ओरडली, "बाई, थांबा!" मागची फळी उचलून पुढे टाकते, पायाने दाबून बघते, हलत नाही ना, आणि मग मला हात देते. पोटरीपर्यंत चिखलात उभी असते.

"सांभाळून हं, बाई," म्हणते. "साडी खराब होईल. तुम्हाला शाळेत जायचंय."