चौथा वायसर

"गाडी दोन्हीकडे चालली पाहिजे" असं म्हणणारा माणूस मला आता दुरूनच ओळखू येतो. तो गाडीतून उतरतो, एकदा वळून तिच्याकडे प्रेमानं बघतो आणि मग बूट खराब होऊ नयेत म्हणून जपून पावलं टाकत सात नंबरच्या गाळ्याकडे निघतो. सोमवार ते शुक्रवार त्याला ती गाडी ऑफिसला न्यायची असते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी रेसच्या ट्रॅकवर नेऊन तिचा जीव काढायचा असतो. ट्रॅकला गाडी कडक लागते, नाहीतर वळणावर ती डुलते. तीच कडक गाडी मुंबईच्या रस्त्यावर आणली की स्पीडब्रेकरगणिक कंबरेची वाट लागते. एवढं साधं गणित कळत असूनही या लोकांना दोन्ही हवं असतं. मला त्यांचा राग येतो. माझे निम्मे रबरी बूश त्यांच्याच गाड्यांत जातात, तरी येतो.

सात नंबरचा गाळा अंबादासचा. आठ नंबर माझा. मुलुंड पश्चिमेच्या या इस्टेटमध्ये आम्ही तीस वर्षं शेजारी आहोत. मी नंदकिशोर, रबराचे बूश आणि पॅकिंग बनवणारा, बडबड्या. अंबादास गाड्यांच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि चाकांचे कोन बसवणारा, मोजकं बोलणारा. त्याचे वडील परभणीकडून आले आणि गोदीत ओझी वाहून गेले. गेले म्हणजे खरोखरच गेले, कामावरच. अंबादासनं ट्रकच्या चाकांपासून सुरुवात केली. पुढे कुणीतरी एक रेसची गाडी दुरुस्तीला आणून टाकली आणि याचा हात तिला असा काही लागला की लोक बंगळूरहून विचारत यायला लागले. चौदा एप्रिल सोडला तर गाळा बंद असलेला मला आठवत नाही.

त्याची कामाची पद्धत त्याचीच. गाडीला हात लावायच्या आधी तो मालकाच्या शेजारी बसून त्याच्या रोजच्या रस्त्यावरून एक फेरी मारायचा. डोळे मिटून. पाठीला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही, असं त्याचं म्हणणं. परत आला की विचारायचा, "बाजूला कोण बसतं?" कारण चार चाकांखाली चार काटे ठेवून तो गाडी तोलायचा, आणि सीटवर माणसांच्या वजनाइतक्या गव्हाच्या पिशव्या ठेवायचा. मुकुल नावाच्या आमच्या एका गिऱ्हाइकानं बायकोचं, म्हणजे गंधालीचं, वजन पंचावन्न सांगितलं. अंबादासनं गंधालीकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता बासष्ट किलोच्या पिशव्या ठेवल्या. गंधाली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "काका, तुम्ही बरोबर. हा गेली चार वर्षं थापा मारतोय."

मुकुलची गाडी निळी, दोन दरवाजांची, जमिनीला टेकलेली. अंबादासनं तिला नवे शॉकअप बसवले होते. त्यांना एकेक नॉब असतो. तो फिरवला की टिक टिक असा आवाज होतो. नॉब पूर्ण आवळायचा आणि तिथून मागे मोजायचं. अठरा टिक मागे म्हणजे रस्ता. सहा टिक म्हणजे ट्रॅक. मुकुलला त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "दोन्हीकडे चालेल, पण दोन्हीकडे थोडी कुरकुरेल. चालणार असेल तर बोला."

आता वायसर. बोल्टखाली घालतात ती लोखंडी चकती. अंबादासच्या पँटच्या डाव्या खिशात असे चार वायसर असायचे, जुन्या ट्रकचे, घासून घासून गुळगुळीत झालेले. एका चाकाचं काम झालं की एक वायसर डाव्या खिशातून उजव्या खिशात. मध्येच फोन येतो, मालक काहीतरी विचारतो, माझ्यासारखा चहाला बोलावतो. कुठलं चाक झालं आणि कुठलं राहिलं हे डोक्यावर सोडायचं नाही, खिशावर सोडायचं. काम संपलं की डावा खिसा चाचपायचा. रिकामा असेल तरच गाडी खाली. तीस वर्षांत डाव्या खिशात वायसर राहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो एकदा गाडीखालून बाहेर आला आणि उठताच येईना. मी हात दिला. तो माझ्याच गाळ्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "नंदू, बास वाटतं रे आता."

मी काय म्हणालो? "अरे, घरी बसून काय करणार? भिंती मोजणार?" मोठ्या रुबाबात म्हणालो. त्याची मुलगी माधुरी तिथंच होती. ती विमा कंपनीचं काम घरून करते आणि बापाच्या गिऱ्हाइकांच्या तारखाही सांभाळते. तीही म्हणाली, "बाबा, तुम्ही थांबलात की आजारी पडाल. आणि तुमच्यासारखं कुणाला येतं का? दोन दोन महिने थांबतात लोक." तिच्या आवाजात केवढा अभिमान होता. त्या अभिमानापुढे कंबरदुखी कोण सांगणार?

अंबादासनं पायरीला टेकून कंबर सरळ केली. मग म्हणाला, "ठीक आहे. ज्या दिवशी डाव्या खिशात वायसर राहील, त्या दिवशी थांबतो. त्याच्या आधी कुणी विचारायचं नाही, मीही विचारणार नाही."

माधुरी हसली. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही कधीच थांबणार नाही.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्याला जवळून पाहिली. तो वाकायच्या आधी एक श्वास घ्यायचा. मालकाबरोबर फेरी मारून आला की गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर ठेवायचा, मग बराच वेळ तसाच बसायचा. मालकांना वाटायचं, काका विचार करताहेत. विचार कसला, कंबर सरळ व्हायची वाट बघायचा. आणि प्रत्येक नवीन माणूस येऊन तेच म्हणायचा, काका, दोन्हीकडे चालली पाहिजे.

या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी मुकुल घाटापलीकडच्या ट्रॅकवर गेला होता. अंबादासही गेला होता, ट्रॅकचे टायर घेऊन टेम्पोनं. दुपारी तीनला ट्रॅक बंद झाला. अंबादासनं तिथंच चारही चाकं बदलली, नॉब रस्त्याच्या खुणेवर आणले आणि गाडी मुकुलच्या ताब्यात दिली. मुकुल निघाला, हा टेम्पोत बसून मागून आला. घरी पोहोचला, जेवला आणि झोपला.

सोमवारी सकाळी मी नुकतं शटर उघडलं होतं. अंबादास आला तो सरळ माझ्या टेबलाशी. चेहरा उतरलेला. त्यानं मूठ उघडली. एक वायसर.

"माधुरी कपडे मशीनला लावत होती," तो म्हणाला. "उजव्या खिशात तीन मिळाले तिला. हा डाव्यात होता."

"काल खिसा चाचपला नाहीस?"

"आठवत नाही रे. टेम्पोवाला घाई करत होता. चाचपला असेन. नसेनही."

एक चाक ट्रॅकच्या खुणेवर आणि तीन रस्त्याच्या. सरळ रस्त्यावर मालकाला कळणारही नाही. काल येताना निभावलं असेल, पण घाटातल्या वळणावर, तेही जोरात ब्रेक मारताना, अशी गाडी मागून सटकू शकते. आणि मुकुल त्याच दिवशी गंधालीला घेऊन नाशिकला निघणार होता, तिच्या आईकडे, दहा वाजता. रविवारी त्यानंच सांगितलं होतं. कसाऱ्याचा घाट.

"फोन कर ना मग!"

"पाच वेळा केला. उचलत नाही. तिचा नंबर माझ्याकडे नाही."

नऊ वाजत आले होते. मी हेल्मेट उचललं. तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. बसताना कण्हला. आम्ही हायवे धरला आणि भांडुप, कांजूर, विक्रोळी करत घाटकोपर पूर्वेला मुकुलच्या सोसायटीत पोहोचलो. अख्ख्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मी मात्र रिक्षावाल्यांना, बसवाल्यांना, सिग्नलला, सगळ्यांना शिव्या घातल्या. भीती वाटली की मी तेच करतो.

निळी गाडी पार्किंगमध्येच होती. मी स्कूटर तिच्यासमोरच आडवी लावली. मुकुल लिफ्टमधून बॅग घेऊन येत होता. "अरे काका! तुम्ही? फोन? सॉरी, चार्जिंगला लावून विसरलो."

अंबादासनं त्याला सांगितलं. सरळ, काही न लपवता. "मुकुलसाहेब, माझ्याकडून एक चाक राहिलं असेल. तपासल्याशिवाय गाडी हलवू नका."

मुकुलनं बॅग खाली ठेवली. तेवढ्यात गंधाली खाली आली. तिला कळलं तशी तिनं गाडीच्या दारावर ठेवलेला हात काढून घेतला.

अंबादास फरशीवर आडवा झाला. जॅक लावायलाही थांबला नाही, एकेका चाकामागे हात घालून नॉब पूर्ण आवळत गेला. पुढचं उजवं. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता आणि मी उभ्या उभ्या त्याच्याबरोबर मोजत होतो. सोळा, सतरा, अठरा. पुढचं डावं. अठरा. मागचं उजवं. अठरा.

मागच्या डाव्याशी तो जरा थांबला. मग हात आत गेला. टिक, टिक, टिक. सहाला थांबेल म्हणून माझे कान तिकडे लागले होते. सात झाले. आठ झाले. अठराला नॉब थांबला.

त्यानं ते चाक पुन्हा मोजलं. पुन्हा अठरा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चारही बरोबर आहेत."

मुकुल मोठ्यानं हसला. "काय काका! घाबरवलंत ना यार! तुमच्या हातून चूक होते होय?" गंधालीनं अंबादासला वर चहाला बोलावलं. तो नको म्हणाला. त्यानं चारही नॉब पुन्हा जागेवर आणले, टायरला टेकून थोडा बसला आणि मग मी हात दिल्यावर उठला.

येताना विक्रोळीला एका टपरीवर मी स्कूटर थांबवली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. "हातानं काम केलं, खिसा तेवढा विसरलास. म्हणजे पास झालास की तू!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हो ना," तो म्हणाला. "पास झालो."

चहा हातातच गार होत होता. तो हायवेकडे बघत म्हणाला, "नंदू, तुला एक सांगू? फोन लागत नव्हता तोवर माझा जीव जाग्यावर नव्हता. ती दोघं आठवत होती. पण तुझ्या मागे बसलो आणि भांडुप गेल्यावर मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, गाडी जागेवर असू दे, ती दोघं सुखरूप असू दे आणि एक चाक राहिलेलं असू दे. म्हणजे झालं. सुटलो. शेवटचं चाक मोजताना मी सहाची वाट बघत होतो रे."

बोलण्यासारखं होतं ते दोन वर्षांपूर्वी बोलून झालं होतं, आणि चुकीचं बोललो होतो.

"मग सोड ना," शेवटी मी म्हणालो. "दमलो म्हणून सांग आणि सोड."

"दमलो म्हणून कोण सोडतं? माझ्या बापानं सोडलं का?" त्यानं चहा टपरीमागे ओतला. "दमलो म्हटलं की लोक म्हणतात, दोन दिवस आराम कर. तूच म्हणशील."

खरंच म्हणालो असतो.

गाळ्यावर आलो तेव्हा माधुरी शटरपाशी उभी होती. घरचे कपडे तसेच, पायात स्लिपर. हातात बाकीचे तीन वायसर. शेजारी एक लाल गाडी उभी होती आणि तिचा मालक फोनवर बोलत फेऱ्या मारत होता. साडेअकराची वेळ दिलेला.

"बाबा, काय झालं? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. गाडी निघाली नव्हती."

"आणि चाक?"

अंबादासनं माझ्याकडे बघितलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता. आयुष्यात त्यानं कुणा गिऱ्हाइकाला अर्धा टिक खोटा सांगितलेला नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

"मागचं डावं राहिलं होतं," तो म्हणाला.

माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाची चूक झाली याचं तिला किती लागलं ते दिसत होतं. पण तिला ते खरं वाटेना. ती माझ्याकडे वळली. "काका? खरंच?"

मी तोंडावर खरं बोलणारा म्हणून अख्ख्या इस्टेटमध्ये बदनाम आहे. त्या पोरीच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, "हो गं. सहावर होतं. मी मोजलं."

तिनं डोळे पुसले. मग ती लाल गाडीवाल्याकडे गेली आणि त्याला सांगितलं की बाबा आता काम घेत नाहीत. तो म्हणाला, अहो पण मला दोन्हीकडे चालवायचीय. ती म्हणाली, हो, पण ते दमलेत.

अंबादास नळाशी हात धूत होता. त्यानं ते ऐकलं. नळ बंद करायचं विसरून तो तसाच उभा राहिला, आणि शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.