लशीच्या रांगेतली आमची वस्ती

लस घेऊन आमच्या वस्तीचे दंड दुखले ते दोन दिवस. पण लशीच्या गोष्टी अजून संपायला तयार नाहीत. चार बाया खुरपायला बसल्या की एक जण सुरू करते, "ते आठवतं का गं तुला?" आणि खुरपं राहतं बाजूला. एकीची गोष्ट संपेपर्यंत दुसरीला अजून एक सुचलेली असते.

मिरजगावच्या अलीकडं आमची वस्ती. लशीचा कॅम्प शाळेत भरायचा. मी प्रत्येक कॅम्पला जायचे आणि लस न घेता परत यायचे. कारण मांडीवर पाच महिन्यांचा शिवांश, अंगावर पिणारा. आमचे हे रोज टेम्पोत भाजी घालून नगरला जायचे, गर्दीतून घरी यायचे. मला कोरोना झाला तर बाळाला घेणार कोण, ही एक भीती. लस घेतली तर दुधातून बाळाला काही झालं तर, ही दुसरी.

घरात मोबाईलवर काही आलं की मीच मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण मी सातवी शिकलेली. एक मेसेज म्हणायचा घ्या, दुसरा म्हणायचा घेऊ नका. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू वाचायचंच बंद कर."

*

पहिल्या कॅम्पला शेजारचे बापू आले. बापू सुईला लई भितात, पण कबूल करत नाहीत.

सिस्टरनं विचारलं, "बाबा, काही आजार?"

बापूंनी चेहरा पाडला. "शुगर हाय. बीपी हाय. दमा बी हाय. आमाला चालत नसंल ना?"

"चालते की. तुमच्यासारख्यांनीच आधी घ्यायची असते. या पुढं."

बापू दोन पावलं मागं सरले. "तसं एवढं बी काय न्हाई."

"याआधी कुठलं इंजेक्शन घेऊन अंगावर गांधी उठल्या होत्या? श्वास अडकला होता? तसं असेल तर सांगा, डॉक्टर बघतील."

"न्हाई बा."

"आज ताप आहे?"

"असंल," बापू आशेनं म्हणाले. सिस्टरनं मशीन कपाळाला धरलं. ताप नव्हता. बापूंना लस बसली.

खरी गंमत घरी झाली. बापूंची बायको, आमच्या काकू, रांगेत मागंच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलेलं. दुसऱ्या दिवसापासून बापूंचा चहा बिनसाखरेचा. बापू आठवडाभर सांगत होते, "अगं, ते खोटं बोललो हुतो मी."

काकू म्हणायच्या, "सिस्टरपुढं कोण खोटं बोलतंय? गप प्या."

*

लस घेतली की अर्धा तास चौथीच्या वर्गात बसवायचे. कुणाला चक्कर आली, अंगावर काही उठलं, तर डॉक्टर जवळ असावेत म्हणून. पुरुष दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागायचे. एक खिडकीतून पळता पळता सापडला. बायकांचं उलटं. बायका उठेचनात.

पलीकडच्या घरातल्या रखमाकाकूंचा अर्धा तास झाला. सिस्टर म्हणाली, "काकू, झालं, जा आता."

"जरा गरगरतंय बाई."

डॉक्टरांनी बीपी पाहिला, अगदी ठीक. बसा अजून अर्धा तास. तो संपला, काकूंना परत गरगरायला लागलं. परत बीपी, परत ठीक. तिसऱ्या खेपेला डॉक्टर समोर बाकावरच बसले. "काकू, खरं सांगा, नेमकं काय होतंय?"

काकूंनी पाय लांब केले. "लगीन झाल्यापासनं दिवसाउजेडी अशी बसले नव्हते बगा. दुसऱ्या डोसाला बी एवढाच टाईम बसवत्यात, का जास्त?"

*

सगळ्यांना सांगितलेलं असायचं की दंड दुखेल, एखाद-दोन दिवस ताप येईल, अंग ठणकेल, गोळी घ्या आणि पडून राहा. मंदाताईला तसंच झालं. ती गोळी घेऊन झोपली. पण तिची गाय तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. तिचे मालक अण्णा दोनदा गेले, दोनदा लाथ खाऊन आले.

शेवटी अण्णांनी बायकोची साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला आणि गाईपाशी बसले. गाय फसली. शांत उभी राहिली.

तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई विचारपूस करायला आल्या. गोठ्यात पाठमोरी मंदाताई दिसली. "अगं, काल तर लस घेतलीस आणि आज धार काढतीस? ताप न्हाई? दंड न्हाई दुखत?"

बोललं तर गाय बिथरणार. अण्णांनी पदराआडून नुसती नाही नाही म्हणून मान हलवली.

आशाताईंनी वहीत लिहिलं, "मंदाताई, काही त्रास नाही. कामाला लागल्या."

*

असं हसत हसत मी घरी यायचे, आणि बाळाला पाजायला घेतलं की परत तीच भीती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, बाळाला पाजणाऱ्या बाईला लस चालते, पाजणं एक वेळही थांबवायचं नाही. पण सासूबाईंना ते पटेना. त्यांनी स्वतः केव्हाच लस घेतली होती. नातवाच्या दुधाचं आलं की मात्र अडून बसायच्या. "डॉक्टर बाप्या माणूस. त्याला दुधातलं काय कळतंय?"

चौथ्या कॅम्पला त्या माझ्याबरोबर आल्या. माझा नंबर आला, तशा मला मागं सारून स्वतःच सिस्टरपुढं उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी घेतली का लस?"

"दोन्ही डोस झाले, आजी."

"लेकरू हाय का तुमाला?"

"आहे की. आठ महिन्यांची मुलगी आहे."

"पाजता?"

"पाजते."

"दाखवा."

सिस्टरला काही कळेना. "आजी, ती केडगावला आहे, माझ्या आईकडं."

"मग मोबाईल कशाला हाय?"

मागं चाळीस माणसं उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आत्या, असू द्या हो." पण सिस्टर हसली आणि तिनं खरंच व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"पाय हलवून दाखवा म्हनावं." पलीकडच्या आजीनं पोरीचे पाय हलवले.

"जीभ बगू." जीभ दिसली.

"आता पालथी करा." पोरगी पालथी झाली, मान वर काढून मोबाईलकडं बघून हसली.

मग सासूबाईंनी मोबाईलवरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर नेऊन कडाकडा बोटं मोडली, आणि माझ्या कडेवरचा शिवांश काढून घेत म्हणाल्या, "काय बगती? बाही वर कर."