अर्ध्यावरचा धवला

माझी नात विद्यापीठाच्या कलाशाळेत लोककला शिकते. म्हणजे माझ्या सासूला जे येत होतं आणि जे मी घरातून हाकललं, त्याची ही परीक्षा देते.

सासू धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजीच्या आधी तिचा मान. तांदूळ धुण्यापासून नवी सून उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवल्याचं गाणं म्हणायची, देवांना आणि पितरांना नावानिशी लग्नाला बोलवायची. भाईंदरच्या मिठागरांपासून चेणे गावापर्यंत तिला बोलावणी असत. तिचा नियम एकच. धवला सुरू केला की संपेपर्यंत उठायचं नाही. नाहीतर बोलावलेले देव मांडवात ताटकळत राहतात.

मिठागरं गेली, आम्ही शांती नगरात फ्लॅटमध्ये आलो आणि माझी मान ताठ झाली. ‘हाय, न्हाय’ जिभेवरून घासून काढलं. शेजारणीशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, एकदा तर आरती संपल्यावर देवालाच ‘अच्छा’ म्हणून गेले. मुलाच्या लग्नात वरमाय म्हणून एवढा मोठा अंबाडा घातला होता की फोटोत माझ्या मागची दोन माणसं दिसत नाहीत.

हळद हॉलमध्ये होती, डीजे लावून. सासूला मी आधीच बजावलं, “आई, इथे धवला नको. बिल्डिंगमधले सगळे येणारेत.”

“मंग देवांना सांगल कोन?”

“पहिली पत्रिका देवापुढेच ठेवलीय की!” मी म्हटलं आणि माझ्याच हजरजबाबीपणावर हसले.

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली. थोड्या वेळाने बघते तर तिचं तोंड सारखं हलतंय. मी जाऊन कानात म्हटलं, “आई, लोक बघतायत. तंबाखू थुंका आधी.” तिने तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. मी पाहुण्यांकडे वळले. दोन वर्षांत ती गेली.

नातीच्या मॅडमची रीत अशी, की प्रत्येकाने आपल्या घरातलं एक गाणं आणायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे बसून, कागद न घेता, तोंडी शिकायचं. मग ज्यांचं गाणं, त्यांच्याच वस्तीत जाऊन म्हणायचं. चुकलं तर तिथल्या बायका तिथेच कान पकडतात. एका मुलीने तिच्या रत्नागिरीच्या काकांकडून नमन आणलं. आमची रिकाम्या हाताने बसलेली.

मी रोज टाळायचे. आज घसा बसलाय, उद्या एकादशी.

“आजी, खरं सांग, तुला येत नाही ना?”

“येतं. अर्धं.”

लग्न होऊन आल्यावर मी सासूच्या मागे बसून म्हणायचे. पण वरात निघाली की मिरवायला पळायचे. त्यामुळे सुनेला घरात घेतानाचा शेवटचा धवला मी कधी शिकलेच नाही. आणि शेवट येत नसेल तर सुरुवात कुठल्या तोंडाने करायची? कधीतरी उठायला तर लागेल.

शेवटी एका रविवारी मॅडम स्वतःच आल्या. नातीने चटई घातली, मोबाईल समोर ठेवला. तिचं तोंड बघून मी सुरू केलं. तांदूळ झाले, हळद झाली, वरात निघाली. आणि दाराशी येऊन मी थांबले. शब्द शोधत राहिले.

“आजी, आवाज येत नाहीये,” मॅडम हळूच म्हणाल्या. “ओठ हलतायत नुसते.”

तेव्हा मला हॉलमधली ती खुर्ची दिसली. त्या दणदणाटात ती बाई एकटी, आवाज न काढता, माझ्या मुलाच्या लग्नाला देव बोलवत होती. आणि मी तिला थुंकायला सांगितलं.

मला उठता येईना. बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं, आमच्या गावच्या बोलीत. मोबाईल चालूच होता.

मॅडम म्हणाल्या, “हे शेवटचं बोलणं काढून टाकू का? चेण्याच्या एका बाईंना पुढचं येतं. जोडून घेता येईल.”

नात म्हणाली, “कार्यक्रमाला सगळं गाव असणार आहे, आजी. बाबा पण.”

“त्या बाईंकडून शिका, जरूर शिका. पण ते त्यांच्या नावाने गा. आमच्या घरचा इथवरच हाय. का, तेबी सांगा.”

नातीने आणि तिच्या वर्गातल्या पोरींनी गेल्या महिन्यात तसंच केलं. दाराशी थांबल्या आणि नातीने माईकवर कारण सांगितलं. गावातल्या बायका माना खाली घालून बसल्या. माझा मुलगा पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर चपला काढताना त्याने विचारलं, “आई, आजीने शेवटपर्यंत म्हटला असेल का गं?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. पण मी बघितलंच नव्हतं. मी तेव्हा फोटो काढून घेत होते.